कस्तुराबाई होडीत बसल्या

कस्तुराबाईंना पाण्याचे भय होते. दर रविवारी त्यांचे यजमान शिवाप्पा गळ्यात दुर्बीण अडकवून शहरातल्या बसवनगुडीहून तळ्याकडे जाणारी आनेकलची बस धरीत, तेव्हा त्याही सोबत जात. परंतु तळ्याकाठी पोहोचताच पाण्याकडे पाठ करून मेथी निवडत बसत. शिवाप्पा एकटेच होडीने बेटाला फेरी घालून तिथले पक्षी पाहून येत. बेट कसले, ओढा तळ्याला मिळतो तिथे साचलेला गाळ आणि त्यावर वाढलेल्या बाभळी. या शहराने तळी बुजवली आणि त्यांवर तळ्यांचीच नावे मिरवणाऱ्या इमारती उभारल्या. हे एक तळे कसे सुटले, याचा खुलासा कोणत्याही कार्यालयाकडे मिळणार नाही.

निपाणीहून आलेल्या शिवाप्पांनी जन्मभर सरकारी बस चालवली. शहराकडून त्यांना हॉर्न आणि शिव्या मिळाल्या. जे काही सुख मिळाले ते या पक्ष्यांकडून. यंदा काचबिंदूने दोन्ही डोळे नेले. दिवाळीपासून ते खाटेवरून उठेनासे झाले. माणूस असाच भिंतीकडे तोंड करून संपून जाईल, अशी बाईंना धास्ती पडली. अखेर एका रविवारी त्यांनी नवऱ्यापुढे बुशकोट धरला.

"तिथं येऊन मी काय बघू?"

"मी बघते की. तुम्ही ऐका."

"तुला सगळे बगळेच!"

"असू देत. हात घाला बाहीत."

काठावर होडीवाल्याने हात पुढे केला. "बन्नी अक्का, या, स्वल्प जपून." बाईंनी डोळे मिटूनच पाऊल टाकले आणि नवऱ्याचा दंड घट्ट धरला. होडी हलली.

"काय दिसायलंय?" शिवाप्पांनी विचारले.

आता डोळे उघडणे भाग होते. "तुमच्या आत्याबाई बसल्यात फांदीवर. लांब पिवळं नाक, टोकाला वाकलेलं. गुलाबी पदर मागं लोंबतोय. कुणाकडं बघायला तयार नाहीत."

"चित्रबलाक!" कित्येक आठवड्यांनी त्यांचा आवाज चढला. "आणखी?"

"पलीकडं एक जाडी बाई. गळ्याखाली बाजाराची पिशवी."

"हेज्जार्ले," होडीवाला कन्नडमध्ये म्हणाला.

"झोळीवाला गं तो, पेलिकन. आणि आमच्या आत्याला नावं ठेवू नकोस."

"थांबा हो जरा." बाई पुढे झुकल्या. "आत्याबाईंच्या घरट्यात पिल्लं हायत. चोचीतनं पाणी आणून त्यांच्या अंगावर ओतायल्यात. आणि जोडीदार पंख पसरून उभा हाय, पोरांवर सावली धरून."

शिवाप्पांनी तोंड बाईंच्या आवाजाकडे वळवले. मग हलकेच म्हणाले, "सावली कुठल्या अंगानं धरलीय? नीट सांग."

बाईंनी नीट सांगितले. होडीवाला काठाकडे वळू लागला.

"पुरे आता," शिवाप्पा म्हणाले. "तुझी नखं दंडात रुतायल्यात."

"रुतू देत," कस्तुराबाई म्हणाल्या आणि होडीवाल्याकडे वळल्या. "अण्णा, बेटाच्या पलीकडनं घ्या. तिकडची घरटी बघितल्याशिवाय ह्यांना मी सांगू काय?"