पुढच्या बैठकीवर नणंद

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून काचा घासायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या, हे वहिनींचं काम. काच केसभर जरी सरकली तरी गिऱ्हाईक डोकं धरून परत येतं, म्हणून दिवसभर श्वाससुद्धा बेताने घ्यायचा. त्याचा वचपा त्या रविवारी नदीवर काढायच्या. पन्नाशीत त्यांना कयाकचं, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होडीचं, वेड लागलं. बेकरीत भट्टी सांभाळणारे त्यांचे यजमान मात्र घोटाभर पाण्यापलीकडे गेले नाहीत. ते काठावर टॉवेल धरून उभे राहायचे.

गेल्या वर्षी फ्रेमचं खोकं घेऊन जिना उतरताना वहिनी पडल्या आणि उजवा खांदा निखळला. सगळा हंगाम काठावर बसून गेला. मग महिनोन्‌महिने दाराच्या कडीला रबरी पट्टा बांधून ओढायचा व्यायाम. शेवटी डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला, तेव्हा वहिनींनी दुकानात सगळ्यांना पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले.

पुराचं पाणी ओसरलं आणि हंगामाचा पहिला रविवार उजाडला. नदीकाठच्या होड्यांच्या शेडच्या चाव्या सांभाळणारा प्लंबर डोकं खाजवत म्हणाला, "वहिनी, तुमच्या होडीच्या तळाला चीर गेलीय. दोन माणसांची तेवढी शिल्लक आहे. पण ती एकट्याला द्यायची नाही, नियम आहे."

वहिनींचा चेहरा एवढासा झाला. यजमानांनी लगेच आभाळाकडे बघायला सुरुवात केली.

"मी बसते की," मागून आवाज आला.

आठ दिवसांसाठी राहायला आलेल्या मोठ्या नणंदबाई होत्या त्या. वय सहासष्ट. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली, आवाज खणखणीत. पोहता उत्तम येत होतं, पण होडीत कधी पाऊल टाकलेलं नव्हतं.

"ताई, अगं वेड लागलंय का तुला?" यजमान कळवळले.

"तू गप रे. टॉवेल आणलास ना? मग झालं तर."

लाइफ जॅकेटचे पट्टे आवळून ताई पुढे बसल्या, वहिनी मागे. प्लंबरने धक्का दिला आणि होडी सरळ वेतांच्या झुडपात घुसली. बाहेर काढली, तर गोल फिरून पुन्हा तिथेच.

"ताई, मी मागून दिशा सांभाळते. तुम्ही फक्त ताल धरा. डावं, उजवं, एवढंच."

"असं आधी सांगायचं ना!" म्हणत ताईंनी घसा साफ केला. "डावं! उजवं! डावं!" पुलावरून सायकलवर चाललेला एक माणूस पाय टेकून बघत राहिला. होडी मात्र सुतासारखी सरळ निघाली.

पूल मागे पडला, घरं विरळ झाली. पाणी इतकं नितळ होतं की तळाचे गोटे मोजून घ्यावेत. एक बगळा त्यांच्या पुढे पुढे उडत राहिला. ताई जरा वेळाने ओरडायच्या थांबल्या आणि नुसतं हळूच "वा" म्हणाल्या.

मग वहिनी बोलल्या. समोर चेहरा नव्हता, नुसती नारिंगी जॅकेटातली पाठ होती; तिच्याशी बोलणं सोपं गेलं असावं. "ताई, मला भीती वाटत होती. खांदा पुन्हा निखळला तर काय, म्हणून. रात्री उशीत तोंड खुपसून रडलेय मी. ह्यांना नाही सांगितलं."

पाठ हलली नाही. वल्हंही थांबलं नाही. "आत्ता दुखतोय?"

"थोडासा."

"मग होडीचं तोंड घराकडे फिरव. वल्हं वर घे आणि बस राणीसारखी. बघते मी."

परतीला प्रवाह उलटा होता. ताईंनी दातओठ खात वल्हं मारलं, वहिनी अधूनमधून डाव्या बाजूने साथ देत राहिल्या. उथळ पाण्यात होडी वाळूत रुतली, तेव्हा ताई ढकलायला उतरल्या आणि पाय घसरून बदकन पाण्यात बसल्या. मग ताई अशा हसत सुटल्या की त्यांना उठताच येईना. त्यांना ओढून घेताना वहिनीही पाण्यात पडल्या, आणि पडल्यावरच लक्षात आलं, त्यांनी ओढलं होतं उजव्या हाताने. खांदा जागच्या जागी होता.

"ताई! हात! माझा हात बघा!" वहिनींनी तो सरळ आभाळात उंच केला.

"बघितला गं बाई! आता खाली कर, होडी चाललीय!"

होडी खरंच निघाली होती. दोघी गुडघाभर पाण्यातून फदफद धावत तिच्या मागे लागल्या.

काठावर यजमानांनी फेऱ्या मारून गवत झोपवलं होतं. दोघी होडी घेऊन परतल्या त्या चिंब, केसांत शेवाळं, आणि हसू आवरत नाही. त्यांनी एकुलता एक टॉवेल आधी कोणाला द्यावा, या विचारात तो स्वतःच्याच गळ्यात घातला. थर्मासमधला चहा ओतला, तर दोघींचे हात इतके थरथरत होते की कप तोंडापर्यंत जाईना. शेवटी त्यांनीच एकदा बहिणीला, एकदा बायकोला असा घोट घोट पाजला.

"पुढच्या रविवारी किती वाजता?" दोन घोटांच्या मध्ये ताईंनी प्लंबरला विचारलं.