एअरब्रशमधला वास

नगरला कॉलेजात असताना मी दुपारनंतर एका फोटो स्टुडिओत काम करायचो. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचं, हनुवटी जराशी वर घ्या म्हणायचं, मागे पडदा सोडायचा. पडदे तीन होते. एकावर धबधबा, एकावर बाग आणि एकावर नुसतं आभाळ. धबधबा आणि बाग मला विशेष वाटत नसत. आभाळ मात्र मी रिकाम्या वेळी उलगडून बघत बसायचो. वर गडद निळं, खाली येता येता पांढरं, आणि निळं कुठे संपलं ते सापडायचं नाही. मला चित्रं काढायचा नाद होता, त्यामुळे हे साध्या ब्रशने जमत नाही, एवढं मला करून पाहून कळलेलं होतं.

एकदा धीर करून मालकांना विचारलं. त्यांनी तोंडातलं पान एका गालात सारलं आणि खणातून एक जाडसर पेनासारखी लोखंडी वस्तू काढली. तिच्या पाठीवर टिकलीएवढी वाटी, खाली रबरी नळीला जागा, आणि बोटाने दाबायचा खटका.

"एअरब्रश. खटका दाबला की हवा, मागे ओढला की रंग. मी पडदे याच्यानेच फवारलेत. आता छापील पडदे मिळतात, कोण बसतंय? साफ करून चालला तर तुझा."

वाटीत तपकिरी, चकचकीत असं काही वाळून बसलं होतं. त्यात एक झुरळाचा पाय होता. मी नखाने टोकरलं तर निघालं नाही.

"तसं नाही निघत," मालक म्हणाले. "याचं तोंड आपल्या तोंडात धर आणि फुंक. आम्ही तसंच करायचो."

'आम्ही' म्हणजे तेच. एअरब्रशच्या निमुळत्या तोंडावर काथाचा तांबूस डाग अजून होता. मी ते सदऱ्याला पुसलं, दोनदा पुसलं, आणि तोंडात धरलं. फुंकून काही होईना. मग मला वाटलं, उलटं करून बघावं, म्हणून मी ओढलं. एक गुठळी सुटून थेट जिभेवर आली. बाहेरून कडक, आतून बुळबुळीत. आधी पानाची चव आली आणि तिच्यामागून जे आलं ते सांगता येत नाही. मेलेल्या उंदराचा वास जिभेवर ठेवला तर तसं होईल. मी मागच्या गटारावर जाऊन सकाळपासूनचं सगळं ओकलो.

"गिळलं नाहीस ना?" मालकांनी आतूनच विचारलं. "मग झालं. सरस आहे तो. पुडीचा रंग नुसता पडद्याला धरत नाही, सरसात कालवावा लागतो."

खरं तर तेव्हाच ती वस्तू परत खणात ठेवायला हवी होती. पण ते आभाळ डोळ्यांसमोर होतं.

मे महिन्याच्या सुट्टीत मी ती घेऊन पाथर्डीकडे, आमच्या गावी आलो. वस्तीतल्या विहारात त्या वर्षी नवी बुद्धमूर्ती बसवली होती. मागची भिंत ओल येऊन पोपडे सुटलेली. बुद्धपौर्णिमेच्या तयारीला पोरं जमली तेव्हा मी, एरवी बैठकीत मागे बसणारा, बोलून गेलो की मूर्तीमागे लावायला मी पडदा करतो. मध्ये पिवळा उजेड, कडेला जाता जाता निळा, मध्ये रेघ नाही.

"रेघ न्हाई म्हंजे?" एकाने विचारलं.

"म्हणजे उजेड कुठं संपला ते दिसणार नाही."

"पेंटर, उजेडच काढ. भोपळा काढू नको."

सगळे हसले, पण मांजरपाटाचं कापड माझ्या हाती दिलं. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कॉलेजात जाऊन काय केलं हे दाखवायला माझ्याकडे तोवर काहीच नव्हतं. त्यामुळे तो पडदा माझ्या मनात फार मोठा होऊन बसला.

हवेची सोय लगेच झाली. पंक्चर काढणाऱ्याने ट्रकची जुनी ट्यूब दिली. ती फुगवायची, तोंडाला नळी जोडायची, हवा सुटत राहते. अडलं ते साफ करण्यावर. बाजारात त्याचं खास औषध मिळत असेलही, पण आमच्यापर्यंत ते आलेलं नव्हतं. म्हणून घरात जे होतं त्याने सुरुवात केली.

आधी रॉकेल. सायकलची चेन रॉकेलने निघते, तर हेही निघेल असा माझा हिशेब. रात्रभर बुडवून ठेवलं. सकाळी सरस होता तसाच, फक्त आता त्याला रॉकेलचाही वास. मग चुलतबहिणीचं नेलपॉलिश काढायचं पाणी थेंबभर मागून आणलं. त्याने सरस आणखी कडक झाला आणि बहीण म्हणाली, "दादा, तुझ्या हाताला मेलेल्या माणसाचा वास येतोय." साबणाने हात धुतले. जेवताना घास तोंडाजवळ आला की वास यायचा. मी डावा हात मांडीखाली आणि उजवा नाकापासून लांब, असा जेवत होतो.

शेवटी वाटलं, उकळावं. आई रोजगार हमीच्या कामावर गेली होती. मी चुलीवर चहाचं पातेलं ठेवलं, त्यात पाणी आणि मूठभर धुण्याचा सोडा टाकला, एअरब्रश जमेल तसा खोलून आत सोडला. पाणी तापलं तसा सरस फुगायला लागला. आधी कडा मऊ झाल्या, मग वाटीतून एक तपकिरी जिभेसारखं बाहेर आलं आणि लोंबत राहिलं. मग सुटून तरंगलं. मागून दुसरं. पाण्यावर साय धरली. झुरळाचा पाय त्या सायीवर फिरत होता. आणि वास. तोंडात आला होता तो गार होता, हा ऊन होता, दमट होता, आणि आमच्या पत्र्याच्या घरात वर जाऊन परत खाली येत होता. मी नाकाला टॉवेल बांधून काडीने ढवळत होतो. घाण वाटत होती, पण खोटं कशाला बोलू, आनंदही होत होता. निघत होतं ना.

शेजारच्या चुलतीने कुडाआडून विचारलं, "काय शिजवतोस रं? कुत्री आली बघ दारात."

खरंच दोन कुत्री येऊन बसली होती.

आई आली ती उंबऱ्यातच थांबली. डोक्यावरची पाटी तिने खाली ठेवली नाही.

"कशाचा वास हाय ह्यो?"

"सरसाचा. रंगात घालतात."

"कशाचा करत्यात सरस?"

मी परीक्षेत सांगावं तसं सांगितलं. "जनावरांची हाडं आणि कातडी उकळून. चिकट असतो म्हणून..."

"व्हय," आई म्हणाली. "म्हाईत हाय मला."

ती आत आली नाही. पाटी घेऊन तशीच मागे फिरली आणि दारातल्या कडुलिंबाखाली जाऊन बसली. मी पातेलं उतरवून बाहेर नेलं. सोड्याने पातेलं आतून काळं पडलेलं, कडेला तपकिरी साय चिकटलेली. आईने तिकडे पाहिलं नाही. पदर तिने नाकाला लावला होता. मला वाटलं पातेल्यासाठी रागावली.

"तुझ्या आज्याच्या, माझ्या बाच्या अंगाला यायचा ह्यो," ती म्हणाली. "आमच्या परसात कातडी असायची. मीठ लावून ठेवल्याली. न्यायाला मानूस यीस्तवर तितंच. तितंच आमी खेळायचो, तितंच भाकरी. मग दीक्षा घेतली आन् बा म्हनला, आता न्हाई, कुनाचं बी मेल्यालं ढोर वडायचं न्हाई. सगळं टाकलं. पर वास जाईना. माझ्या आयनं भिंती खरवडल्या, सारवल्या, परत सारवल्या. आभाळ आलं की यायचाच. लगीन हून हितं आले तवा मला वाटलं, चला, सुटले."

हा वास मला आयुष्यात पहिल्यांदा त्या स्टुडिओत आला होता. मला तो ओळखताच आला नव्हता. मला फक्त घाण वाटली होती, जशी कुणालाही वाटेल. तिला कशी वाटत असेल, याचा अंदाज मी त्या काळ्या पातेल्याकडे बघून करत राहिलो, आणि तो नीट आला असं म्हणवत नाही.

"ह्येच इहारात लावनार व्हय?" तिने विचारलं.

सगळेच सरसात रंग कालवतात, हे मी सांगणार होतो. सांगितलं नाही.

"सरस नाही घालणार," मी म्हणालो. "बाभळीचा डिंक घालतो. पाण्याच्या रंगांत डिंकच असतो, आई."

"आन् ह्येच्यात बसलाय त्यो?"

"तो सगळा काढतो."

"सगळा," ती म्हणाली. "मी वास घीन. आला तर न्हाई न्यायचं."

झालं. एअरब्रश चालतो की नाही यापेक्षा तो आईच्या नाकाला पटतो की नाही, हा प्रश्न मोठा झाला. आणि तिचं नाक कसं होतं ते मला तेव्हा कळलं. चहा नव्या पातेल्यात होऊ लागला. जुनं माझं झालं, घराबाहेर, कुत्र्यांना पोचणार नाही अशा फांदीला टांगून.

मी कोमट पाणी घ्यायचो, सोडा टाकायचो, थांबायचो. कोंबडीचं पीस लिंबाच्या रसात बुडवून नळीतून आरपार फिरवायचो. पीस आत पांढरं जायचं आणि बाहेर यायचं ते नाक शिंकरल्यासारखं भरलेलं. ते पुसायचं कशाला, फेकायचं आणि दुसरं घ्यायचं. आतली सुई दंतमंजनाने घासली. एअरब्रशच्या तोंडातलं भोक इतकं बारीक की पीस जाईना, तिथे खराट्याच्या काडीला सुरीने टोक काढलं आणि कापसाचा तंतू गुंडाळून फिरवलं. त्यातून हिरवट निघालं. मालकांच्या बागेच्या पडद्याचा हिरवा असावा. किती वर्षं तो आत कुजत होता कोण जाणे. मला मध्येच उबळ यायची. मग मी उठून कडुलिंबाचा पाला चुरगळून हुंगायचो आणि परत बसायचो.

वडील गवंड्याच्या हाताखाली कामाला होते. संध्याकाळी येऊन माझ्याकडे बघायचे. "कालिजात ह्येच शिकवत्यात का?" ते विचारायचे. "मंग म्या बी शिकल्यालोच हाय. गटारं लई काडलीत."

आई मात्र हसायची नाही. मी एअरब्रश धुऊन, वाळवून तिच्यापुढे धरायचो. ती हातात घ्यायची नाही, नाकच पुढे आणायची. डोळे मिटायची.

"हाय."

"आई, आता काय असणार त्यात? आरपार दिसतंय."

"हाय म्हनले ना."

मला ते तिच्या मनातलं वाटायला लागलं. भिंतीतून यायचा तसा. मी तसं बोललो नाही, पण तोंडावर आलं असावं, कारण ती म्हणाली, "मला याड न्हाई लागलं." आणि आत गेली.

त्या दिवशी मी रागानेच तो परत खोलला, जिथवर खोलता येतो त्याच्याही पुढे. सुई जिथून आत शिरते तिथे एक नट होता. तो भाग मी अखंड समजत होतो. पान्याने जोर लावला तर फिरला. आत, रंग मागे येऊ नये म्हणून बसवलेला, मसुराच्या डाळीएवढा एक वायसर होता. काळा, फुगलेला. सुईच्या टोकाने काढून तळव्यावर घेतला. दाबला तर त्यातून तपकिरी पाणी आलं. नाकाशी नेला आणि लगेच हात लांब केला.

तो वायसर चामड्याचा होता.

मी तो तसाच तळव्यावर धरून आईकडे नेला. ती भाकरी थापत होती. तिने मान वळवली, लांबूनच.

"ह्योच," ती म्हणाली. "टाक तिकडं लांब."

मी ओढ्यापर्यंत गेलो आणि तो खड्डा करून पुरला. का पुरला ते सांगता येणार नाही, फेकला असता तरी चाललं असतं. सायकलच्या व्हॉल्व्हला घालतात ती बारीक रबरी नळी पंक्चरवाल्याकडून आणली, तिचा कापून काढलेला तुकडा त्या जागी बसवला. परत धुतलं, वाळवलं, आईपुढे धरलं. तिने वास घेतला. पुन्हा घेतला. मग पहिल्यांदाच ती वस्तू हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि म्हणाली, "हलकं हाय की."

बाभळीचा डिंक तिनेच वेचून आणला. मी तो भिजवून धोतराच्या फडक्यातून गाळला आणि त्यात पिवळा कालवला. ट्रकच्या ट्यूबची हवा कधी जोरात, कधी मंद यायची. पहिला फवारा थुंकल्यासारखा उडाला. तो ठिपका अजून डोळ्यांसमोर आहे. पुढचे बरे उडाले. पिवळा निळ्यात मिसळतो तिथे हिरवट झाला, ते मला चुकलं. पण रेघ नव्हती.

बुद्धपौर्णिमेच्या सकाळी पडदा मूर्तीमागे लागला. मला भोपळा काढू नको म्हणणारा पोरगा बराच वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, "गोल हाय, पर भोपळा न्हाई."

वंदनेला अजून वेळ होता. बाया आत येऊन बसत होत्या. आई पांढरं लुगडं नेसून आली. मेणबत्ती लावून बसायच्या आधी ती मूर्तीच्या बाजूने मागे गेली आणि पडद्यापाशी वाकली, इतकी की कपाळ कापडाला टेकलं असावं. चुलती म्हणाली, "हिला आता दिसंनासं झालंय वाटतं." मी दारात उभा होतो.

आई सरळ झाली, हात जोडले आणि येऊन बायांत बसली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. डिंक पुरता वाळला नसावा, तिच्या नाकाच्या शेंड्याला पिवळं लागलं होतं.

कुणीतरी तिला सांगितलं. तिने पुसलं नाही.