मारोतीला ते वाक्य कोणी सांगितलं?

जेलमध्ये नोकरी आहे म्हटलं की लोक हमखास विचारतात, "भुतं दिसतात का हो?" मी सांगतो, आमच्याकडे फुकट जेवायलासुद्धा कोणी यायला तयार नाही, तिथं भुतं काय येतील! माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता, आजही नाही... म्हणून तर हे लिहितोय.

मी भंडाऱ्याच्या जेलात शिपाई, आणि सुट्टीच्या दिवशी झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टर. आमच्याकडे तालमी मोजक्याच होतात, सारं नाटक विंगेतून वाक्यं सांगणाऱ्या प्रॉम्प्टरच्या आवाजावर चालतं. कैद्यांचं नाटक बसवायचं ठरलं, तेव्हा मी त्यांचा 'मास्तर' झालो आणि त्यांना हेच शिकवलं – आधी ऐका, मग बोला. एरवी एकमेकांच्या अंगावर धावून जाणारी माणसं दुसऱ्याचं वाक्य संपेपर्यंत थांबायला लागली. अभिमान वाटतो मला, का वाटू नये?

नायक होता नाकाडोंगरीचा मारोती. त्याच्या ट्रॅक्टरखाली शेजारचा गणपत गेला होता. "ब्रेक फेल झाला," हे मारोतीचं ठरलेलं उत्तर. आईनं सांगून टाकलं होतं, "खरं बोलशीन तवाच तुह्यं तोंड पाहीन." ती कधी भेटीला आली नाही. नाटकाला नातेवाइकांना परवानगी मिळाली, तेव्हा मीच फोन करून तिला गळ घातली. ती आली आणि मागच्या रांगेत बसली.

नेमका त्याच दिवशी माझा घसा बसला! नुसती हवा निघायची. विंगेत पुस्तक धरून मी ओठ हलवत होतो, घामानं निथळत होतो. पण नाटक सुरळीत चाललं... एकही वाक्य हुकलं नाही.

शेवटच्या प्रवेशात मारोतीला म्हणायचं होतं, "आई, मी निर्दोष आहे." तो थांबला. माझ्याकडे पाहिलं. मी ओठ हलवले. मग लोकांकडे तोंड करून तो म्हणाला, "आई, ब्रेक फेल नव्हता झाला. मी दारू पेलो होतो. गणपतभाऊ माह्यानंच मेला."

आमचं नाटक जमीनदाराचं. त्यात ट्रॅक्टरच नाही!

पडदा पडल्यावर मी फुसफुसत विचारलं, "हे काहून बोलला?"

तो चक्रावला. "तुमीच तं सांगतलं, मास्तर! खणखणीत आवाजात."

समोरच्या विंगेत उभे असलेले दोघं कैदी म्हणाले, "आमीबी आयकलं, तो बोलाच्या आंधी. म्हटलं, मास्तर हे कायले वाचून राहिले?" माझ्या शेजारच्या पेटीवाल्यानं मात्र काहीच ऐकलं नव्हतं.

कोणी म्हणतं, मारोतीच्याच मनातलं होतं ते. असेल. पण मग त्या दोघांच्या कानांत कसं शिरलं?

आम्ही पडद्यामागे असं बोलत होतो, तेवढ्यात मारोतीची आई तिथं आली आणि तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. मी कसंबसं तिला समजावलं, की बाई, ते सांगणारा आवाज माझा नव्हता. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सांगणारा कोनी का असंना, मास्तर," ती म्हणाली, "बोलला तं माहाच पोरगा."