अधिक श्रावणातला कोरा रकाना

माझा धाकटा भाऊ बाळाराम खाडीकाठच्या शेलार गावात राहतो. उभा जन्म पॉवरलूमवर गेला, पण जीव खाडीत. दिवसाची भरती बघता यावी म्हणून शेटकडून रात्रपाळी मागून घेतलेला माणूस. लोक देवळात जातात, हा चिखलात.

एक्क्याण्णव साली टेमघरच्या शाळेत पुण्याहून डॉक्टर केळुसकर आले होते. पदार्थविज्ञानाचे मोठे जाणकार, पण आम्हाला कळेल असं बोलायचे. कंदील आणि चेंडू घेऊन त्यांनी चंद्र पाण्याला कसा ओढतो ते दाखवलं. मागून बाळाराम उठला. म्हणाला, "सर, तुमच्या मुंबईच्या भरतीच्या येळेला आमच्या खाडीत चिखलच असतो. पानी तासाभरानं येतं." मी पदरात तोंड लपवलं. सर मात्र खूश झाले. त्यांनी त्याला आखलेल्या कागदांचा गठ्ठाच दिला. महिन्याला एक कागद, तीस तिथींचे तीस रकाने. भरती किती वाजता आली ते लिहायचं, तिथीचा क्षय असला तर काट मारायची, महिना सरला की पोस्टात टाकायचं. अट एकच. दिवस चुकला तर अंदाजानं लिहायचं नाही, रकाना कोरा ठेवायचा.

सर होते तोवर, एकोणीस वर्षं, बाळारामनं ते केलं. कोरा रकाना एकच राहिला. दोन हजार चारच्या अधिक श्रावणात, वद्य सप्तमीला. त्या दिवशी त्याची बायको पार्वती गेली.

पंधरा दिवस ती ठाण्याला इस्पितळात होती आणि हा रोज एसटीनं येऊन भरती बघून परत जायचा. मी त्याला नको नको ते बोलले. बायको मरायला टेकलीय आणि तू पाणी मोजतोस? तर म्हणाला, "तीच धाडते, बाय. गेल्या गेल्या इचारते, किती वाजता आलं." सप्तमीला धाडणारं कोणी उरलं नाही.

सर गेल्यावर त्यांची कागदपत्रं पुण्याच्या एका संस्थेत गेली. इकडे खाडीत भराव पडला. बाळाराम उभा राहायचा तिथं आता गोडाऊन आहे. गेल्या वर्षी संस्थेतून फोन आला की सरांच्या कागदांची यादी करतोय, तुम्ही या. कल्याणलासुद्धा न जाणारा बाळाराम लगेच उठला. त्याला तो एक कागद बघायचा होता. मला म्हणाला, "तिचा दिस तेवढाच लिवलेला हाय कुठं तरी."

माझी नात भाविका आम्हाला गाडीनं घेऊन गेली. थंडगार खोली, हातमोजे घातलेली गोड मुलगी. तिनं कौतुकानं सांगितलं, "आजोबा, एकोणीस वर्षांत तुमचा एकही दिवस चुकलेला नाही."

बाळारामचं तोंड उतरलं. त्यानं चार सालचा श्रावण मागितला. कागद आला तो पुढच्या, निज श्रावणातला. सगळे रकाने भरलेले. मुलीनं वही बघितली. त्या श्रावणाचे दोन कागद होते, वेळांत पाच-दहा मिनिटांचाच फरक, म्हणून एक दुसऱ्याची नक्कल धरली होती. एकात रकाना सुटलेला होता. पूर्ण होता तो ठेवला, दुसरा रद्दीत गेला.

मी म्हटलं, "अगं बाई, त्या वर्षी श्रावणच दोन होते. जावयाला अनारसे कधी दिले ते आईला विचार तुझ्या."

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. अधिक असं वर का नाही लिहिलं, तिनं हळूच विचारलं. बाळाराम म्हणाला, ते काय लिवायचं, अख्ख्या गावाला ठाऊक. आणि तिथी तीच तर भरतीची वेळही तीच यायची. सरांनी कंदील धरून हेच तर शिकवलं होतं. राग कोणावर काढायचा?

दर अधिक महिन्याचा एक, असे सात कागद गेले होते. बाकी सहांचं त्याला काही नव्हतं. भाविका म्हणाली, आबा, आठवेल तसा नवा कागद भरून द्या. त्यानं मान हलवली. "अंदाजानं न्हाय." मग मुलीला म्हणाला, "एक दिस चुकला व्हता, एवढं लिवा."

तिनं तिथी विचारली, त्यानं सांगितली. कारण विचारलं, तर तो खिडकीकडे बघत बसला. मी सांगितलं, घरातलं माणूस गेलं होतं. तिनं पेन्सिलीनं लिहून घेतलं. वरच्या साहेबांची सही झाली की यादीत घालते म्हणाली.

साहेबांची सही आठ महिने झाली नाही. भाविका फोन करून थकली. यादी मात्र परवा कॉम्प्युटरवर आली. भाविकानं मोबाईलवर वाचून दाखवली, बाळाराम, शेलार, भरतीच्या एकोणीस वर्षांच्या अखंड नोंदी.

"बरं," बाळाराम म्हणाला.

संध्याकाळी शेजारीपाजारी पेढे घेऊन आले. एकही दिवस चुकवला नाही, काय चिकाटी, काय माणूस. तो कोपऱ्यात बसून हात जोडत होता. सगळ्यांना चहा मी केला. त्या घरात चहा करणारं दुसरं कोण आहे?