वाळूवरच्या फ्यूशियाची ऑर्डर

ट्रक शुक्रवारी निघायचा होता आणि बुधवारी दुपारी माझ्या लक्षात आलं, की ट्रेमधली चारशेच्या चारशे रोपं मादी आहेत.

ईस्ट टामाकीजवळच्या एका नर्सरीत रोपं तयार करणं हे माझं काम. ऑर्डर होती उत्तरेकडच्या वाळूच्या टेकडीवर लावायच्या सरपटणाऱ्या फ्यूशियाची. निसर्गात हा वेल आता मोजक्याच जागी उरलाय. इवलंसं पिवळं फूल, तोंड वर आभाळाकडे. काही वेलांच्या फुलांत चक्क निळे पराग असतात, काहींच्या फुलांत अजिबात नसतात. त्या मादी. नुसत्या मादी लावल्या तर फळ नाही, बी नाही, खेळ खलास.

चूक माझीच. आम्हा नर्सरीवाल्यांना खोडच असते, सगळ्यात तरारलेला वेल दिसला की त्याचीच कटिंग्ज घेत सुटायचं. कटिंग म्हणजे फांदी तोडून लावलेली, आई-झाडाची हुबेहूब नक्कल. रोपं कशी एकसारखी आलीत म्हणून मी वर मिरवलंही होतं. उशिरा आलेल्या फुलांत भिंगातून पराग शोधले, एकातही मिळेनात.

माझा बॉस ग्रेग म्हणाला, रोपं हिरवीगार आहेत, पाठवून दे, फुलांत डोकावून कोण बघतंय?

"मी बघितलंय," मी म्हटलं. "डिस्पॅचच्या कागदावर तू सही कर. मी करणार नाही."

त्याने केली नाही. फोन मात्र मलाच करायला लावला.

ऑर्डर मेरेची होती. ती टेकडी तिच्या माओरी कुळाची, राखण तिच्याकडे. वाळूत फिरणाऱ्या चारचाकी क्वाड बाइक्सनी तुडवून तिथे मूळचे पाचच वेल राहिले होते. शनिवारच्या लावणीला तिने गावची शाळा बोलावली होती. तिने किया ओरा म्हणून नमस्कार केला, आणि मी सगळं सांगून टाकलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"शनिवारी तू ये," ती म्हणाली. "कात्री घेऊन ये."

गेले. गुडघ्यांवर बसून पाचही वेल तपासले. दोन वेलांच्या फुलांत निळे पराग होते. हायसं वाटलं. पाचही वेलांची थोडीथोडी कटिंग्ज घेतली. पोरांनी तेवढ्या वेळात बाइक्स अडवायला कुंपण घातलं.

आधीची चारशे ग्रेगने बागवाल्या दुकानांना विकली. तिथे फळाचं कुणाला पडलंय. नवी रोपं पुढच्या वर्षी टेकडीवर लागली. त्यानंतरच्या उन्हाळ्याअखेरीस मेरेचा फोटो आला, वाळूत लालबुंद फळ, पक्ष्याने अर्धं खाल्लेलं. मी नर्सरीत सगळ्यांना दाखवत फिरले.

हल्ली कुणी एकसारखी रोपं कौतुकाने दाखवली, की मी आधी विचारते, आया किती?