आईच्या हनुवटीवरचा डाग

दातांच्या कॉलेजात नंबर लागला तेव्हा घरात पेढे आले आणि मला चार दिवस जेवण गेलं नाही. अर्ज बाबांच्या आग्रहानं भरला होता. माझा नंबर लागेल असं मला मुळीच वाटलं नव्हतं. आता एक सोडून दोन कॉलेजांची पत्रं येऊन पडली होती आणि पंधरा दिवसांत एक निवडायचं होतं. महाराष्ट्र होऊन तेव्हा दहा-बारा वर्षं झाली असतील. पिंपळगाव राजातल्या वांगी-मिरच्या पिकवणाऱ्या घरातली पोरगी डॉक्टर होणार, म्हणून गावातले लोक ओट्यावर येऊन मला खुशाल जबडा उघडून दाखवत. मी लांबूनच मान हलवायची. कुणाच्या तोंडात हात घालायचा, या नुसत्या विचारानं माझी बोटं गार पडत.

त्याचं कारण घरातच होतं, रोज डोळ्यांसमोर वावरत होतं. मी अकरा वर्षांची असताना आईची दाढ ठणकायला लागली. आमच्याकडे अशा वेळी बिब्बा लावत. सुईला टोचून तो दिव्यावर धरायचा, काळं तेल सुटलं की कापसाच्या बोळ्यावर घ्यायचं आणि तो बोळा किडक्या दाढेत ठेवायचा. दाढ अगदी मागची, आईला स्वतःला जमेना, म्हणून तिनं मला बोलावलं. मी बोळा न्यायला लागले आणि माझा हात थरथरला. तेल ओठावर पडलं आणि हनुवटीपर्यंत ओघळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बिब्बा उतला. फोड आले, गाल सुजून डोळा मिटला, आणि आई आठ दिवस कण्यांच्या पेजेवर राहिली. बायका खोबरं उगाळून लावत होत्या आणि कुणी विचारलं की आई खुणेनं सांगायची, माझ्याच हातून सांडलं. मी दाराआड उभी राहून ऐकायची. तोंड उघडून खरं सांगायची हिंमत मला झाली नाही. ओठाच्या कोपऱ्यापासून खाली काळा डाग राहिला तो राहिलाच.

कॉलेज कसं निवडावं हे विचारायला बाबा मला खामगावातल्या एका दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी सरळ सांगितलं. पहिल्या कॉलेजची इमारत मोठी, नाव मोठं, पण पेशंट कमी. एका खुर्चीभोवती सहा-सात मुलं उभी राहून नुसती बघतात. दुसरं साधं आहे, पण तिथं सकाळपासून रांग असते आणि मुलांना स्वतःच्या हातानं कामं करावी लागतात. शिकायचं असेल तर दुसरं, असं ते म्हणाले. मी त्याच क्षणी मनात पहिलं पक्कं केलं. नुसतं उभं राहून बघायचं, यापेक्षा मला दुसरं काय हवं होतं?

घरी येऊन मी पहिल्याची बाजू लावून धरली. अभ्यास चांगला, लायब्ररी मोठी, मुलींची सोय चांगली, असं काय काय मी ठोकून दिलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. पण शेतीच्या जोडीनं त्यांचा अर्धा जन्म बैलबाजारात बैलांचे दात मोजण्यात गेला होता.

"बैल कितीबी देखना असो, वखराले जुपून पाह्यल्याबिगर मी घेत नाही," ते म्हणाले. "दोन्ही पाहून येऊ."

आईही निघाली. पहिल्या कॉलेजात आम्हाला व्हरांड्यापर्यंतच जाता आलं. इमारत खरंच देखणी होती आणि मी तिची तोंडभर तारीफ केली. दुसऱ्या कॉलेजात गेलो तर बाबांनी ऑफिसाचं तोंडही पाहिलं नाही. ते थेट रांगेत गेले, चार लोकांशी बोलले, आणि खिडकीवरून आईच्या नावाचा कागद काढून आले. तीच दाढ, इतक्या वर्षांनी पुन्हा ठणकत होती. दोघांनी हे घरीच ठरवलं होतं, मला न सांगता.

दाढ काढायला आला तो तिथलाच शिकणारा मुलगा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल. मी भिंतीला चिकटून उभी होते. त्यानं इंजेक्शन दिलं, पकड उचलली, आणि मला दिसलं की त्याचा हात कापतो आहे. पकड एकदा निसटली. आईनं डोळे गच्च मिटले. ओरडून त्याला थांबवावं असं मला वाटलं. त्याच्या मागे पांढऱ्या कोटातले सर उभे होते. त्यांनी पकड हातात घेतली नाही. मुलाच्या कोपराखाली फक्त आपला तळहात धरला आणि हळू आवाजात काही सांगितलं. दाढ निघायला बराच वेळ लागला. तेवढा वेळ मी आईच्या हनुवटीकडे बघत होते.

बाहेर बाकावर आई तोंडात कापूस धरून बसली. मी म्हटलं, मला नाही जमणार, मला पहिल्या कॉलेजात जाऊ दे. बाबा चहा आणायला गेले होते. आईनं कापूस गालात सरकवला.

"त्या पोराचा हातबी कापत होता," ती म्हणाली. "पन त्याच्या मांगं मास्तर उभे होते. त्या दिवशी तुह्या मांगं कोनी नोतं, बाई."

सात वर्षांत त्या दिवसाबद्दल ती पहिल्यांदाच बोलली होती. मी तिच्या पदरात तोंड खुपसून रडले. मग ऑफिसाच्या खिडकीवर जाऊन या दुसऱ्या कॉलेजचा फॉर्म घेतला. सही करताना अक्षर वेडंवाकडं आलं. आई माझ्या मागे उभी होती.