आईने धुतलेल्या बाटल्या

आई चँडलरला आली तेव्हा माझी पहिली बिअर बादलीत जाऊन चार दिवस झाले होते. हे मी मुद्दाम जुळवून आणलं नव्हतं. ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात यीस्ट तग धरत नाही, म्हणून मी हवा उतरायची वाट बघत होते आणि आईचं तिकीट नेमकं त्याच सुमाराचं निघालं. जवाच्या माल्टचा अर्क उकळायचा, त्यात हॉप्सची कडवट फुलं टाकायची, गार झालं की यीस्ट घालून झाकण लावायचं आणि दोन आठवडे हात लावायचा नाही, एवढाच खरं तर उद्योग. ऑफिसमधल्या एका मित्राने त्याचं जुनं सामान दिलं होतं. नवरा म्हणाला, "आई असेपर्यंत हे कुठे ठेवायचं?" मी बादली आमच्या बेडरूमच्या कपाटात, कोटांच्या मागे सरकवली.

आई नागपूरच्या एका सरकारी दवाखान्यात बत्तीस वर्षं ऑपरेशन थिएटरची सिस्टर होती. शेवटची दहा वर्षं इन्चार्ज. दारूने पोटात पाणी झालेली माणसं तिने इतकी पाहिली होती की आमच्या घरात हा विषयसुद्धा निघत नसे. बाबांच्या मित्रांनाही ते माहीत होतं. त्यामुळे चाळिशीला आलेली मी, दोन मुलांची आई, बादली लपवत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या ठेवायला आमच्या खोलीत गेली आणि परत येऊन शांतपणे म्हणाली, "तुझ्या कपाटात काहीतरी श्वास घेऊन राहिलं आहे."

झाकणावरच्या छोट्या नळीतून वायू बाहेर पडताना बुडबुड असा आवाज येतो. मी सगळं सांगून टाकलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मला काय वाटतं ते तुला माहीत आहे, ते मी परत सांगणार नाही. पण माणसांच्या पोटात जायचं आहे ना? मग ते कोटांच्या धुळीत कशाला ठेवलंस?"

बादली त्याच दिवशी कपाटातून निघून लाँड्रीच्या खोलीत गेली, खाली धुतलेली चादर घालून.

दोन आठवडे झाले त्या शनिवारी मी बाटल्या भरायच्या ठरवल्या. फेसासाठी मोजून थोडी साखर मिसळून पुढे दोन आठवडे बाटल्यांत मुरू दिलं की बरोबर ज्या रविवारी मित्रमंडळी जेवायला यायची होती, त्या दिवशी बिअर तयार. गुरुवारी मी हायड्रोमीटरने मोजलं होतं. ही काचेची नळी बिअरमध्ये तरंगते आणि साखर किती उरली ते सांगते. शनिवारी परत मोजलं तर आकडा थोडा उतरला होता. आई चष्मा लावून माझ्या वहीत बघत होती.

"परवापेक्षा आज कमी आहे."

"हो, थोडंसंच."

"म्हणजे आतलं काम अजून चालू आहे. मग आज बंद कशाला करतेस?"

काम पुरं व्हायच्या आधी बाटली बंद केली तर आत वायू कोंडून ती फुटू शकते, हे मी वाचलेलं होतं. तरी म्हणाले, "अगं, त्या रविवारी सगळे येणार आहेत."

"पेशंटला आपल्या सुट्ट्या माहीत नसतात," आई म्हणाली आणि कणीक मळायला गेली.

मी रागावले, पण सगळ्यांना मेसेज करून जेवण एक आठवडा पुढे ढकललं. पुढच्या आठवड्यात लागोपाठ तीन दिवस आकडा हलला नाही, तेव्हा आई म्हणाली, "आता भर."

मी कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात काम करते. रोज डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट चढवून, धुळीचा कणही चालत नाही अशा क्लीनरूममध्ये जाते. स्वच्छता मला कुणी शिकवावी असं मला वाटत नव्हतं. त्या सकाळी चहा झाल्यावर आईने बांगड्या काढून ठेवल्या, केस रुमालात बांधले आणि सिंकपाशी हात धुवायला उभी राहिली. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगट, मग कोपरापर्यंत. नळ कोपराने बंद केला आणि हात छातीसमोर वर धरून वळली. पाणी कोपरावरून खाली ठिबकत होतं. तिचं ते वळणं मी कधी पाहिलंच नव्हतं. लहानपणी मला थिएटरच्या बाहेरच्या बाकापर्यंतच जाता यायचं. तिथून ती बाहेर यायची ती दमलेली, चपला बदलत, घरी भाजी काय आहे ते विचारत.

तिने ओट्याचे दोन भाग केले. "ही बाजू स्वच्छ. ती बाजू अस्वच्छ. या बाजूची वस्तू तिकडे गेली की परत धुतल्याशिवाय इकडे यायची नाही." जंतुनाशकाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं तिने पूर्ण वाचली. किती पाण्यात किती थेंब, किती मिनिटं, हे माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मित्रांकडून गोळा केलेल्या बाटल्या मी आदल्या दिवशी धुतल्याच होत्या. तिने एकेक उजेडासमोर धरली आणि सात परत केल्या. तळाशी खरंच काळपट कड होती. नवऱ्याने बाटली भरता भरता नाक खाजवलं, तर तिने त्याला सिंककडे बोट दाखवलं. तोही हात धुवून आला.

तिच्या बरोबर काम करणं सोपं होतं, हे थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं. मी नळी बाटलीत घालायची, बिअर गळ्यापर्यंत आली की काढायची, तोवर पुढची बाटली माझ्या डाव्या हाताशी आलेली असायची. मला मागावी लागली नाही. ती माझ्या हातांकडे बघत होती, तोंडाकडे नाही. भरलेल्या बाटल्या नवऱ्याकडे जात होत्या आणि तो दोन दांड्यांच्या यंत्राने त्यांवर बुचं दाबत होता. तीसेक बाटल्या अशा झाल्या.

मग कट्ट आवाज झाला. नवऱ्याने दांड्या जरा जोरात दाबल्या होत्या आणि बाटलीचा गळा फुटला.

"कुणी हलू नका," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण आम्ही दोघं जागच्या जागी थांबलो. तिने आधी त्याचे हात उलटसुलट बघितले. कापलं नव्हतं. मग पांढरा कागद पसरून चिमट्याने काचेचे तुकडे त्यावर आणले आणि एकाला एक लावत बाटलीचा गळा परत जुळवायला बसली. दहा मिनिटं गेली असतील. गळा जवळजवळ पूर्ण झाला. एका बाजूला भाताच्या शितापेक्षा थोडी मोठी जागा रिकामी राहिली.

"एक कमी आहे."

आम्ही ओटा पाहिला, फरशी पाहिली, टॉर्च लावून फ्रिजखाली पाहिलं. मी म्हणाले, "आई, सिंकमध्ये गेला असेल. सोड ना."

"सिंकमध्ये गेला असेल. नसेलही." तिने ओट्यावर नजर फिरवली. भरायच्या बादलीवर झाकण होतं, ते तिनेच सुरुवातीला लावायला सांगितलं होतं. फुटलेल्या बाटलीशेजारी चार भरलेल्या बाटल्या बुचाविना उभ्या होत्या. "या चार ओतून टाक. चहाच्या गाळणीतून."

तीन आठवडे जपलेली बिअर सिंकमध्ये ओतायचं माझ्या जिवावर आलं. मी तशीच उभी राहिले. तेव्हा तिने एक गोष्ट सांगितली. मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली.

ती चोवीस वर्षांची होती. पोटाचं मोठं ऑपरेशन, करणारे सर्जन शहरातले नावाजलेले. टाके घालायच्या आधी आत वापरलेले कापडाचे तुकडे मोजायचे असतात. एक कमी भरला. सर्जन म्हणाले, "सिस्टर, तुमचं मोजणं चुकलं." ती म्हणाली, "सर, तीनदा मोजलं." त्यांनी टाक्याची सुई मागितली. बाकी सगळे खाली बघत होते.

"मग?"

"मी दिली नाही. सुई माझ्या हातात होती. ते ओरडले, मी हात मागे घेतला."

"मग काय झालं?"

"शेवटी त्यांनी परत हात घातला. आतड्यामागे होता तो."

"तुला काय म्हणाले?"

"काही नाही. सुई मागितली. मी दिली." मग म्हणाली, "पुढे ते निवृत्त होईपर्यंत मोठ्या केसला त्यांना मीच लागायची. त्या पेशंटबाईला मुलगी झाली नंतर. पेढे घेऊन आली होती."

मी पहिली बाटली गाळणीतून ओतली. दुसरी ओतली. तिसरी ओतताना जाळीवर बारीकसं टिंग झालं. आईने तो तुकडा चिमट्याने उचलून कागदावरच्या रिकाम्या जागेत ठेवला. बरोबर बसला. "चौथीपण ओत," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर विजय वगैरे काही नव्हता. तिने हात परत कोपरापर्यंत धुतले आणि पुढची बाटली माझ्या डाव्या हाताशी आणून ठेवली.

एकेचाळीस बाटल्या झाल्या. दोन आठवड्यांनी मंडळी आली. पहिली बाटली मी उघडली. फस्स आवाज आला, फेस ग्लासच्या काठापर्यंत चढला आणि तिथेच थांबला. रंग कडक चहासारखा, चव थोडी कडू, शेवटी भाजलेल्या पावासारखी. फार थोर नव्हती, पण स्वच्छ होती. ज्याने सामान दिलं होतं तो मित्र दोन घोट घेऊन म्हणाला, "यार, माझी पहिली तर व्हिनेगर झाली होती. तुला कसं जमलं?"

मी आईकडे बोट दाखवलं.

"काकू, तुम्ही? मग एक घोट तरी घ्या."

"मला नको. मी फक्त बाटल्या धुतल्या," आई म्हणाली.

मग नवऱ्याने काचेच्या तुकड्याचं सांगितलं आणि मी सुईचं. एकीने विचारलं, काकू, भीती नाही वाटली? दुसऱ्याने विचारलं, मोजायची पद्धत काय असते? माझी थोरली मुलगी, जी आजीशी इंग्रजीत बोलून पळून जायची, ती आजीच्या खुर्चीजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, show me how you wash hands." आईने आधी माझ्याकडे बघितलं, बाही वर केली आणि तिला सिंकपाशी स्टुलावर उभं केलं. जेवण वाढून झालं होतं, तरी दोघी बराच वेळ तिथून हलल्या नाहीत.